कवडूनं उठवलेला घोडा

सौंसरच्या पिवळ्या चर्चच्या मागच्या भिंतीला लागून कवडू सोमकुवरचं घर आहे. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं टिनाचं छप्पर. त्या छपराखाली चाळीस वर्षं संत्र्याच्या पेट्या ठोकल्या गेल्या. सालईच्या फळ्या, मुठीत खिळे, ओठांत खिळे, आणि हातोडीचा असा ठेका की गल्लीतलं लेकरू त्या आवाजावर झोपी जावं. संत्र्याचा बहर आला की कवडूच्या पेट्या ट्रकभरून पांढुर्ण्याला जात. पेटीच्या बाजूवर व्यापाऱ्याची खूण लाल रंगानं उमटवायची, तेही कामच त्याचं. आता प्लास्टिकचे क्रेट आले. कवडू सहासष्टचा झाला. छपराखाली आता वर्षभरात चार पाट, दोन स्टूल आणि डिसेंबर लागला की चांदण्या बनतात.

चांदण्या म्हणजे बड्या दिवसाच्या. आमच्याकडं नाताळला बडा दिनच म्हणतात. पेटीच्या उरलेल्या पट्ट्यांची पाच टोकांची चौकट, तिच्यावर पतंगाचा कागद, आत बल्ब. चर्चची सात-आठ घरं आहेत, त्यांच्या दारावर ही चांदणी लागते. आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्या शेजाऱ्यांच्या दारावरही लागते, मग ते शेजारी कुणी का असेनात. कवडूच्या स्वतःच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे आणि बाहेर चांदणी आहे. त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

त्या दिवशी चर्चच्या आवारात एवढ्या गोष्टी ठरलेल्या असतात. सकाळी उपासना, मग ढोलक-झांजा घेऊन घरोघर फेरी. दुपारी ताटं इकडून तिकडं जातात. अनरसे, करंज्या, शेव. मोहगाव-लोधीखेड्याकडचे शेतकरी संत्र्यांच्या टोपल्या पाठवतात, आणि दिवेलागणीला आवारात जो येईल त्या प्रत्येकाच्या हातावर एक संत्रं पडतं. मग पिक्चर.

पिक्चर यशवंतराव मास्तरांचे. मास्तर चर्चच्या जुन्या शाळेत गणित शिकवायचे. शाळा बंद झाली तेव्हा तिथलं पिक्चर दाखवायचं एक मशीन आणि तीन पिक्चरचे डबे त्यांनी आपल्या ताब्यात ठेवले. एक पिक्चर येशूच्या जन्माचा, त्याला आवाजच नव्हता. एक हसायचा, त्यात एक जाडा हवालदार पूर्ण वेळ एका बदकामागं पळतो. आणि तिसरा घोड्याचा. लोकांनी दरवर्षी मागितला तो तिसरा.

घोड्याच्या पिक्चरची गोष्ट साधी. बर्फाचा मुलूख. एक म्हातारा टपालवाला. बड्या दिवसाच्या आदल्या सांजेला त्याला एक पार्सल मिळतं, दूर टेकडीवरच्या घरी द्यायचं असतं. तिथं एक आजारी मुलगी वाट पाहते. म्हातारा घोडा गाडीला जुंपतो आणि निघतो. पिक्चर इंग्रजी, आणि आवारात इंग्रजी समजणारे एकटे मास्तर. मास्तर मशीनजवळ बसायचे, पण मशीनची खडखड अशी की त्यांचा आवाज दुसऱ्या रांगेतही पोचत नसे. म्हणून पंच्याऐंशी साली त्यांनी कवडूला पडद्याजवळ उभं केलं. पडद्याची चौकट कवडूनंच ठोकली होती, आणि संत्रा मंडीत हाका देऊन देऊन त्याचा गळा तयार होता. मास्तरांनी हळू सांगायचं, मधल्या एकानं पुढं पोचवायचं, आणि कवडूनं मोठ्यानं लोकांना ऐकवायचं.

मास्तरांनीही तो पिक्चर तोवर पाहिलेला नव्हता. डबे चार. वरच्या चिठ्ठ्या कुठल्याशा पावसाळ्यात गळून गेलेल्या. मास्तरांनी अंदाजानं डबे लावले.

पहिल्या रिळात म्हाताऱ्यानं पार्सल घेतलं. दुसऱ्यात वादळ सुटलं, घोडा बर्फात गुडघे टेकून पडला, म्हातारा त्याच्या मानेला बिलगला, आणि मग एकटा पायी निघाला. मास्तरांकडून निरोप आला, आणि कवडूनं तो लोकांना दिला, ‘घोडा मेला.’ मास्तरांनी तिसरं रीळ चढवलं. पाहतात तर गोठ्यात कंदील लागलेला, एक बाई घोड्याला चारा घालते आहे आणि घोडा कान हलवून खातो आहे.

मागून निरोप येईना. मास्तर मशीनवर वाकून पडद्याकडं नुसते पाहत होते. साडेतीनशे माणूस कवडूच्या तोंडाकडं पाहत होतं. सव्वीस वर्षांच्या कवडूनं एक श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगितलेलं बोलला.

‘जिता हाय! घोडा जिता हाय गा! थंडीनं आखडला होता. या मायनं पाह्यला, ओढून गोठ्यात आणला, रातभर शेकला. आता पाहा कसा खाऊन राहिला!’

लेकरांनी जो गलका केला तो, लोक सांगतात, स्टेशनापर्यंत ऐकू गेला. त्याच रिळात पुढं म्हातारा घोडा जुंपून निघतो, म्हणजे गोष्ट जुळलीच. चौथ्या रिळात सगळं टेकडीवरच्या घराच्या आतलं. म्हातारा दार वाजवतो, मुलगी पार्सल उघडते, दिवा लागतो. घोडा कुठंच दिसत नाही. कुणीतरी अंधारातून ओरडलं, ‘अन् घोडा?’ कवडू म्हणाला, ‘बाहेर बांधला हाय. पाणी पाजलं.’

दुसऱ्या दिवशी रिळं गुंडाळताना मास्तरांना पट्टीच्या काठावर बारीक आकडे सापडले. दुसरं आणि तिसरं उलट लागलं होतं. घोडा आधी गोठ्यात होता, नंतर बर्फात मेला. मास्तर गणिताचे. एका हातच्यासाठी पोरांना बाकावर उभं करायचे. पुढच्या वर्षी त्यांनी रिळं बरोबर लावली. घोडा पडला, म्हातारा पायी निघाला आणि पायीच पोचला. मालती नावाची पाच वर्षांची पोरगी अशी रडायला लागली की तिच्या मायनं तिला उचलून बाहेर नेलं, तरी आवाज येत राहिला. हातातलं संत्रं तिनं तिथंच टाकलं होतं. मोठी माणसंही चपला शोधायला लागली.

तिसऱ्या वर्षी, बड्या दिवसाच्या चार दिवस आधी, मास्तर कवडूच्या छपराखाली येऊन पेटीवर बसले.

‘कवडू, तुझा लाल रंग दे जरासा. अन् कुंचा.’

त्यांनी चारही डबे सोबत आणले होते. झाकणांवर स्वतःच्या वळणदार हातानं त्यांनी एक, दोन, तीन, चार काढले. दोन घातला बर्फाच्या रिळावर, तीन गोठ्याच्या.

‘मास्तर,’ कवडू म्हणाला, ‘हे तं उलटं होऊन राहिलं.’

‘मले समजते,’ मास्तर म्हणाले. ‘तू पेट्या ठोक.’

त्या सांजेला त्यांनी लोकांपुढं उभं राहून सांगितलं, की मागच्या वर्षी डबे उलटे लागले होते, क्षमा असावी, यंदा ठीक केले आहेत. कवडूनं मास्तरांना खोटं बोलताना तेवढ्या एकदाच पाहिलं. नंतर दोघांत या गोष्टीचा शब्द निघाला नाही. घोडा दरवर्षी पडायचा, दरवर्षी उठायचा. कवडूच्या तोंडी आता रात्रभर शेकणाऱ्या त्या बाईचं अख्खं घरदार उभं राहिलं होतं. तिचा नवरा, तिची सवत, कोनाड्यातली तेलाची बुधली. ‘जिता हाय’ हे दोन शब्द मात्र तो लोकांवर सोडायचा. तो नुसता हात वर करायचा आणि आवार ओरडायचं.

सहा वर्षांपूर्वी मशीनचा बल्ब गेला, तो नागपुरातही मिळाला नाही. त्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. बडा दिन होत राहिला. संत्रं मिळत राहिलं, आणि लोक संत्रं सोलत घरी जात राहिले.

यंदा डिसेंबरच्या मध्याला मास्तरांची नात डिंपल नागपुराहून आली. तिथं ती एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. कवडू चांदणीला कागद लावत होता. तिनं त्याच्यापुढं पिशवी ठेवली आणि तिच्यातून चार डबे काढले.

‘आबा, ओळखा बरं.’

कवडूनं डब्यांवरून हात फिरवला. लाल रंग जागोजागी उडाला होता, पण आकडे होते.

‘आत कायच नाही,’ डिंपल म्हणाली. ‘रिळं सडली होती, व्हिनेगरसारखा वास मारत होती. पण नागपुरातल्या एका दुकानवाल्यानं ती टाकायच्या आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. घोड्याचा पिक्चर जिवंत आहे आबा! यंदा लावू. मी प्रोजेक्टर आणते. अन् खाली हिंदीत लिहून येते, मी स्वतः लिहिलं. तुम्हाला आता घसा फोडायची गरज नाही. आरामात खुर्चीवर बसा.’

‘बसतो,’ कवडू म्हणाला.

‘एक गोष्ट सांगू? कोणाला सांगू नका.’ तिनं आवाज खाली केला. ‘आजोबांनी नंबर चुकीचे टाकले होते. दोन अन् तीनची अदलाबदल. दुकानवाला हसला. म्हणे, मास्तर होते ना तुमचे आजोबा? मला असं लागलं आबा. इतकी वर्षं लोकांनी उलटा पिक्चर पाहिला, अन् आजोबांना समजलंच नाही. मी ठीक करून घेतलं. आता त्यांच्या नावानं नीट तरी लागेल.’

कवडूच्या हातातला कागद खळीनं बोटाला चिकटला होता. तो त्यानं सोडवला. आता बोलायचं तर एवढंच होतं: चूक नव्हती, तुझ्या आज्यानं जाणून केलं. पण तेवढं बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं, की मास्तर लोकांपुढं खोटं बोलले, आणि आपण तेहतीस-चौतीस वर्षं भर आवारात मेलेला घोडा जिवंत म्हणून सांगितला. कवडूची गावात तेवढीच तर पत होती. पेट्या कुणीही ठोकतो. पण वाटेनं जाणारा माणूस थांबून ‘काय गा कवडू, घोडा कसा हाय’ म्हणून विचारायचा, ते दुसऱ्या कुणाला विचारत नव्हता.

‘चांगलं केलं,’ तो म्हणाला.

मग दहा दिवस तो अर्ध्या ताटावरून उठत राहिला. त्याची बायको छाया दोनदा म्हणाली, ‘तब्येत ठीक नाही का तुमची? जेवून नाही राहिले.’ तो म्हणाला, ‘दात दुखते.’ छायानं लवंग दिली, ती त्यानं दाढेखाली धरली, कारण दात दुखतो म्हटल्यावर धरावीच लागते. छाया पिक्चरला जात नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी गर्दीत तिला घेरी आली होती, तेव्हापासून ती पिक्चरच्या वेळी घरीच बसायची. भिंतीपलीकडून कवडूचा आवाज यायचा, तेवढा तिचा पिक्चर. ती भाकरी टाकत ऐकायची.

पंचवीस तारखेला सहा वाजता आवार भरलं. सहा वर्षांनी घोडा लागणार म्हणून पांढुर्ण्याला दिलेल्या लेकी लेकरं घेऊन आल्या होत्या. मालतीही होती. ती आता चव्वेचाळीसची, बस स्टँडवर भाजीचं दुकान चालवणारी, आणि तिचा आवाज कवडूच्या खालोखाल. कवडूला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती. पडद्याजवळची जागा मोकळी होती. मशीनची खडखडही नव्हती.

पहिलं रीळ झालं. चित्र इतकं साफ की म्हाताऱ्याच्या कोटाची बटणं मोजावीत. खाली हिंदी अक्षरं येऊन जात होती. मागच्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारत होत्या, ‘काय लिहिलं हाय वं?’

‘मले काय इचारते, मी कोन्ती शाळेत गेली?’

‘कवडूले म्हणा ना बोलायले.’

‘त्याले खुर्ची भेटली ना आता, सायेब झाला तो!’

दुसरं रीळ गोठ्याचं लागलं. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी म्हणालं, हे तं मंग येत होतं. कुणीतरी म्हणालं, चूप, पाह्य. घोडा कान हलवून खात होता, पण अजून तो मेलाच नव्हता, त्यामुळं कुणी ओरडलं नाही. कवडूचा हात खुर्चीच्या दांडीवरून थोडा उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

तिसरं रीळ सुरू झालं. वादळ. घोडा पडायला कितीशी मिनिटं राहिली आहेत, ते कवडूला पाठ होतं. त्याच्या शेजारी मालतीची नात मांडीवर संत्रं ठेवून बसली होती. अजून सोललेलं नव्हतं. कवडूनं त्या संत्र्याकडं पाहिलं. मग तो उठला आणि लोकांच्या पायांतून वाट काढत डिंपलच्या टेबलापाशी गेला.

‘बंद कर वं पोरी.’

‘आता? आबा, काय झालं?’

‘चूक नोहती ते. तुझ्या आज्याले समजत होतं. त्यानं माह्या रंगानं, माह्या समोर टाकले नंबर. बंद कर.’

डिंपलनं त्याच्याकडं पाहिलं आणि बंद केलं. पडदा पांढरा झाला. ‘लाइट गेली का बे?’ पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. कवडू चालत पडद्याजवळच्या आपल्या जागेवर गेला आणि लोकांकडं तोंड करून उभा राहिला.

‘आयका,’ तो म्हणाला. गळा सहा वर्षांचा गंजला होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. ‘हा घोडा आता मरते. खऱ्या पिक्चरमंधी तो मरतेच. गोठा आधी हाय, मरण मंग. पहिल्या वर्षी डबे चुकून उलटे लागले, अन् म्या तोंडाले आलं ते बोललो. दुसऱ्या वर्षी मास्तरनं बरोबर लावले तं लेकरं रडले. म्हणून तिसऱ्या वर्षी त्यानं जाणून उलटे लावले, अन् तुमाले सांगितलं का हेच बरोबर हाय. मास्तर खोटं बोलला. म्या त्याच्या मागं इतके वरसं खोटं बोललो. डिंपलनं आता खरं लावलं हाय. जे पाह्यचं असन ते सांगा.’

मागून एक म्हातारा कुरकुरला, ‘म्हंजे आमाले बनवलं म्हणा ना.’ दोघं-तिघं हसले. मग मालती बसल्या जागेवरून बोलली.

‘मले तं माहीतच होतं.’

‘तुले काय माहीत?’ कवडू म्हणाला.

‘दुसऱ्या वर्षी रडली कोन? मीच तं रडली. पाच वर्साची होती, आंधळी नोहती. घोडा मेला तो म्या पाह्यला. पुढच्या साली तो उठला, तेवा म्या मायले इचारलं, तं माय म्हणे, चूप बस, कवडू सांगून राहिला ना!’

‘मंग बोलली काऊन नाही कधी?’

‘कायले बोलू? तुमी इतकं रंगून सांगत होते.’

आता हसणं आवारभर झालं. कवडूला ते लागलं. आपण फसवलं हे कबूल करायला तो उभा राहिला होता. आपल्याला समजून घेतलं जात होतं हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्यानं धोतराचा सोगा उगीचच नीट केला.

‘लाव वो डिंपल,’ मालती ओरडली, ‘आमचा लाव!’

डिंपल टेबलापाशी उभी होती. तिनं डोळे पुसले की केस मागं घेतले, ते अंधारात समजलं नाही. ‘आबा, कसा लावू?’

‘हे वादळाचं पुरं होऊ दे,’ कवडू म्हणाला. ‘मंग गोठा. मंग चवथा.’

‘गोठा पुन्हा? आत्ताच तर पाहिला सगळ्यांनी.’

‘तेवा तो मेला नोहता.’

डिंपलनं खालची हिंदी अक्षरं काढून टाकली आणि रीळ पुढं सोडलं. घोडा गुडघे टेकून पडला, म्हातारा त्याच्या मानेला बिलगला. कवडूनं सांगितलं, ‘घोडा मेला.’ मग गोठा आला, कंदील आला, बाई आली. कवडूनं हात वर केला. लेकरांनी, लेकरांच्या मायांनी, आणि मघाशी कुरकुरलेल्या म्हाताऱ्यानंही, जे ओरडायचं ते ओरडून घेतलं. मालतीच्या नातीनं संत्रं सोलायला घेतलं. पुढं सवत, नवरा, तेलाची बुधली, सगळं जागच्या जागी आलं. चौथ्या रिळात दिवा लागला तेव्हा मागून ठरलेला प्रश्न आला आणि कवडूनं ठरलेलं उत्तर दिलं.

आठच्या सुमाराला तो रिकामे चार डबे काखेत घेऊन घरी आला. ते डिंपलनं त्याला देऊन टाकले होते. छायानं ताट वाढलं. तो डबे फडताळावर मांडत होता. यात आता खिळे राहतील, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. बारीक एकमध्ये, मोठे चारमध्ये. मास्तरांच्या आकड्यांनी, एक, दोन, तीन, चार.

‘मी आयकलं,’ छाया म्हणाली.

‘काय आयकलं?’

‘तुमी म्हटलं घोडा मरते. मंग बोलाबोली झाली. मंग सारे ओरडले जिता हाय.’ तिनं भाजी वाढली. इतकी वर्षं त्या भिंतीला कान लावून तिनं तो घोडा ऐकला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. ‘मंग तो मेला का जिता हाय?’

कवडूनं चौथा डबा सरळ केला आणि हात धुवायला वळला.

‘शेवटी काय म्हटलं म्या?’

‘बाहेर बांधला म्हटलं. पाणी पाजलं म्हटलं.’

‘मंग झालं तं,’ कवडू म्हणाला आणि ताटावर बसला.